मालकाचा रकाना

भागिरथीमावशीला फुटबॉल कळतो, हे कोल्हारच्या एकाही पुरुषाने कधी तोंडाने कबूल केलं नाही. मीही त्यातलाच. कबूल केलं असतं तर आपण इतकी वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून काय दिवे लावले, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

मावशी नगर-मनमाड रस्त्यावर स्टँडसमोर पेरू विकते. वय सत्तरीला टेकलेलं. गाडीवर पेरूची रास, तिखटमिठाचा डबा, आणि गिऱ्हाईक नसलं की मांडीवर गोलपोस्टची फाटकी जाळी. जाळी विणायला ती प्रवरा नदीवर मासे धरणाऱ्या भोयांकडून शिकली. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या गाडीच्या बरोबर मागे आहे, त्यामुळे गेली अठरा वर्षं तिची पाठ आणि तिची बडबड हे दोन्ही मला पाठ झालेलं आहे. तिचा नवरा भीमा त्रिभुवन आमच्या संघाचा गोलकीपर होता. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात त्याने तिला सामन्याला नेलं आणि जाळीच्या मागे पोतं टाकून बसवलं, कारण कडेला सगळे पुरुष बसायचे. ती जी तिथे बसली ती बसलीच. भीमा जाऊन बारा वर्षं झाली तरी तिने जागा सोडली नाही. आम्ही कडेने खेळ बघतो, तो या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. तिने आयुष्यभर खेळ अंगावर येताना बघितला. कोणत्या पोराचा डावा पाय कच्चा आहे, कोण घाबरून चेंडू मागे देणार, हे तिला दहा पावलं आधी कळतं आणि ती ते ओरडून सांगते.

संघाचं नाव प्रबुद्ध फुटबॉल संघ. आमच्या बौद्ध वस्तीतले दोघे नगरच्या लष्करी छावणीत खानसाम्याच्या हाताखाली कामाला होते. तिथे त्यांनी हा खेळ बघितला आणि येताना एक चेंडू घेऊन आले. वस्तीने निळे सदरे शिवले आणि नदीकडच्या माळावर खेळायला सुरुवात केली. पुढे वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांची पोरंही आली. त्यांतला पहिला रंभाजी. नोकरीने वायरमन आणि संघात बॅक. भीमाच्या पुढे तो पंधरा वर्षं भिंत होऊन उभा राहिला, असं तो स्वतःच सांगतो. आता तो छगनच्या चहाच्या टपरीवर आमच्या टोळक्याचा अध्यक्ष आहे. आमचं टोळकं म्हणजे रंभाजी, छगन, मी आणि ज्यांना घरी कोणी बोलू देत नाही असे आणखी सात-आठ जण.

गेल्या दोन हंगामांत आमच्या संघाने जिल्ह्याच्या लीगमध्ये एकच सामना जिंकला. तोही समोरच्यांची गाडी राहुरीजवळ बंद पडली आणि ते वेळेत पोचले नाहीत म्हणून. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. आज आठवलं की लाज वाटते.

या दोन हंगामांचं खापर आम्ही गहिनीनाथशेठच्या डोक्यावर फोडायचो आणि त्यात आमचं काही चुकत नव्हतं. शेठ हा प्लॉटवाला माणूस. आज इथे माळ, उद्या तिथे 'सोनशिवार सिटी'चा फलक. दोन वर्षांपूर्वी त्याने स्टेजवर चढून जाहीर केलं की संघ मी दत्तक घेतला. दत्तक घ्यायला संघाचे आईबाप मेले होते का, हे तेव्हा एकानेही विचारलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात संघाचं नाव 'सोनशिवार वॉरियर्स' झालं. निळा रंग गेला आणि प्लॉटच्या फलकाचा पोपटी-पिवळा रंग आला. जर्सीच्या पाठीवर खेळाडूचं नाव असतं, एवढं जगाला माहीत आहे. आमच्या पोरांच्या पाठीवर प्लॉट बुकिंगचा मोबाईल नंबर आला. अकराच्या अकरा पाठींवर तोच नंबर. गोल कोणी मारला हे पंचाला लिहून घ्यायचं असलं की तो पोराला वळायला लावून तोंड बघायचा. आणि तरीही आम्ही सगळे शेठला 'मालक' म्हणायला लागलो होतो. मालक आले, मालक गेले, मालकांनी टोप्या वाटल्या. त्या टोप्या आम्ही घातल्याही.

एकटी मावशी त्याला मालक म्हणत नसे. "शेट" म्हणायची आणि पेरू कापत राहायची.

यंदाच्या उन्हाळ्यात नवी भरती झाली आणि टपरीवर आमचं डोकं फिरलं. शेठने तीन खेळाडू आणले. पहिला, गुडघ्याला पट्टा बांधलेला फॉरवर्ड, वय विचारलं की हसून विषय बदलणारा. दुसरा, शेठच्या मेव्हण्याचा मुलगा, जो चेंडूपेक्षा केसांना जास्त वेळा हात लावायचा. तिसरा गोलकीपर, पुण्याहून आलेला, मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे प्रसिद्ध. त्याच्यासाठी पंकजला बाहेर बसवलं. पंकज आमच्या वस्तीतला. पेट्रोल पंपावर पहाटेची पाळी करून सरावाला येणारा. पाच वर्षं त्याने आमच्या बाजूचे गोल अडवले होते, म्हणजे जेवढे अडवता आले तेवढे.

रंभाजीचं म्हणणं, पट्टेवाला फॉरवर्ड निदान मोठ्या मैदानांवर खेळलेला आहे, तो पोरांना शिकवेल. छगनचं म्हणणं, शिकवायला मास्तर आणायचा, खेळायला खेळाडू. मी म्हणत होतो की रोग मधल्या फळीत आहे आणि हा बाबा औषध दोन्ही टोकांना लावतो आहे. मेव्हण्याच्या पोराबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं आणि ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. चहाचे ग्लास आपटून आम्ही रोज ठरवायचो की उद्या मालकाला तोंडावर जाब विचारायचा. दुसऱ्या दिवशी मालकाची गाडी थांबली की रंभाजी काचेपाशी जाऊन विचारायचा, "मालक, चहा सांगू का?"

मावशी एकदा सरावाला जाऊन आली. मी विचारलं, कसा आहे पुण्याचा गोलकी. ती म्हणाली, बॉल जाळीत गेला की मग तो झेप घेतो, झेप लई भारी घेतो. आणि पंकजला निरोप पाठवला की घरी बसून कुढू नकोस, रोज भिंतीवर चेंडू मारत जा.

श्रावणात शेठचा माणूस माझ्या दुकानात एक जुना कागद झेरॉक्सला घेऊन आला. लीगच्या नगरच्या ऑफिसातून आणलेला, आमच्या संघाचा पहिला नोंदणी अर्ज. शेठला संघ कायमचा स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता. ऑफिसने सांगितलं होतं की खुशाल करा, पण अर्जावर जो मालक आहे त्याची किंवा त्याच्या वारसाची सही आणा. मी कागद काचेवर पालथा घालता घालता वाचला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. 'संघाच्या मालकाचे नाव' या रकान्यात गोल, मोठ्या, सातवी शिकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, भीमा सखाराम त्रिभुवन.

मी कागद घेऊन मावशीकडे गेलो. तिने तो लांब धरून बघितला, मग जवळ धरून बघितला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. वीस-बावीस वर्षांपूर्वी लीगने नोंदणी सक्तीची केली तेव्हा शेवटच्या दिवशी सगळे खेळाडू कामावर होते. मावशी तशीही पेरूच्या पाट्या घेऊन नगरला निघाली होती. भीमाने अर्ज तिच्याकडे दिला. ऑफिसातल्या बाबूने अर्ज बघितला आणि म्हणाला, बाई, मालकाचं नाव राहिलंय, सांगा. आमच्याकडे बाया नवऱ्याला मालक म्हणतात. 'आमचं मालक रानात गेलं', 'आमच्या मालकांस्नी गोड चालत न्हाई', असंच बोलणं. मावशीला वाटलं, रेशनच्या अर्जावर विचारतात तसं इथेही नवऱ्याचं नाव विचारतायत. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची तिला सवय नव्हती. तिने बाबूच्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात लिहून दिलं. बाबूने शिक्का मारला. त्यानंतर दरवर्षी नूतनीकरणाच्या अर्जावर आमच्यातला कोणीतरी 'पूर्वीप्रमाणे' एवढंच लिहीत आला. पूर्वी काय होतं हे बघायची तसदी एकानेही घेतली नाही. मीच सहा वेळा लिहिलं असेल.

म्हणजे आमच्या संघाचा खरा मालक कागदोपत्री भीमा होता, आणि भीमानंतर मावशी. मूलबाळ नाही, दुसरा वारस नाही. दोन वर्षं आम्ही ज्याला मालक मालक करत होतो तो कोणीच नव्हता, आणि जी मालकीण होती तिच्याकडून आम्ही पेरू कापून घेत होतो.

टपरीवर त्या संध्याकाळी नुसता हशा झाला. छगनने सगळ्यांना फुकट चहा पाजला. शेठची जिरली, असं दहा जण दहा वेळा म्हणाले.

दोन दिवसांनी शेठचा निरोप आला. म्हाताऱ्या बाईची सही सोमवारपर्यंत आणा. नाही आणली तर तिन्ही खेळाडू, प्रशिक्षक, गाडी, जर्सी सगळं परत नेतो, मग उतरा लीगमध्ये तुमच्या हिमतीवर.

आणि आमची तोंडं फिरली. हे लिहिताना मला राग येतो, आणि त्या रागात मीही आहे. ज्या माणसाला आम्ही दोन वर्षं शिव्या दिल्या, त्याच्याशिवाय संघ चालणारच नाही, हे आम्हाला एका रात्रीत पटलं. रंभाजी म्हणाला, काही झालं तरी माणूस हौशी आहे. छगन म्हणाला, पट्टेवाला फॉरवर्ड तसा वाईट नाही. दोन दिवसांपूर्वी हाच छगन त्याला लंगडा म्हणत होता. मी म्हणालो, संघच राहिला नाही तर रविवारी आपण करायचं काय. वाद असा झालाच नाही. इतके दिवस ऑफसाईडवरून एकमेकांच्या अंगावर जाणाऱ्या माणसांचं एवढ्या मोठ्या गोष्टीवर एका चहात एकमत झालं.

हस्तांतराचा कागद टाईप करायला माझ्याकडेच आला. त्यात चौथं कलम होतं की नव्या मालकाला संघाचं नाव, ठिकाण आणि खेळाडू बदलण्याचा पूर्ण अधिकार राहील. ठिकाण. म्हणजे उद्या शेठला वाटलं तर तो संघ उचलून श्रीगोंद्याला नेईल नाहीतर पुण्याला विकेल, आणि लीगमधून कोल्हारचं नाव पुसलं जाईल. मी ते टपरीवर वाचून दाखवलं. रंभाजीने कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, नाव तर आधीच बदललंय. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पन्नास वर्षांचा संघ त्या माना डोलावण्यात जात होता आणि आम्ही साखर कमी पडली म्हणून छगनला बोलत होतो.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं मावशीच्या गाडीपाशी गेलो. रंभाजी, छगन आणि मी. मावशीने हात पुसले आणि मला कागद वाचायला सांगितला. तिला वाचता येतं, पण बारीक टाईप दिसत नाही. मी वाचलं. पहिलं कलम नीट, दुसरं नीट, तिसरं नीट. चौथं मी आवाज उतरवून घाईघाईत गिळलं आणि पाचव्यावर गेलो. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन केलं.

"महेंद्रा, त्ये मधलं परत वाच," मावशी म्हणाली.

मी परत वाचलं. या वेळी नीट. रंभाजीने तिला समजवायला सुरुवात केली. वहिनी, पोरांचं भलं बघा, भीमा असता तर त्यानेही सही केली असती, संघ मोठा होतोय, हट्ट करायची ही वेळ नाही. भीमाचं नाव त्याने अशा कामासाठी काढलं याची मला तेव्हाच चीड आली, पण मी गप्प राहिलो. एवढ्यात शेठची गाडी आली. तो खाली उतरला, मावशीला नमस्कार केला, एक पेरूही घेतला. गोड बोलला. म्हणाला, मावशी, तुमच्या काळची गोष्ट वेगळी होती, आता टीम म्हटलं की तिला मालक लागतोच, मालकाशिवाय टीम म्हणजे अनाथ. आणि खिशातलं पेन काढून पुढे केलं.

मावशीने पेन घेतलं नाही.

"आमचं मालक जाऊन बारा वर्सं झाली," ती म्हणाली. "लोकं म्हनत हुती, एकटी कशी ऱ्हाशील, कुनाचा तरी आधार बघ. घरात म्या दुसरा मालक आनला न्हाई. मग टीमला कशापाई आनू?"

शेठचा हात पेनसकट तसाच राहिला. मग तो हसला, आमच्याकडे बघितलं, आणि आमच्यापैकी कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबला. आम्ही मावशीच्या बाजूने बोललो नाही आणि त्याच्या बाजूने बोलायची आता हिंमत उरली नव्हती. तो पेरू अर्धा खाऊन निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळं गेलं. प्रशिक्षक गेला, गाडी गेली, पुण्याचा गोलकी जाताना एक व्हिडिओ काढून गेला. मेव्हण्याचा मुलगा सोडून सगळ्यांचं थोडं वाईट वाटलं. जर्सी आम्ही धुऊन परत केल्या.

आणि मग टपरीवर शिव्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. मावशीने संघाचं वाटोळं केलं. बाईमाणसाने यात पडूच नये. पेरूवालीला काय कळतं लीगमधलं. हे सगळं तिच्या पाठीमागे, तिच्या गाडीपासून वीस पावलांवर, तिला ऐकू जाईल अशा बेताने. मी त्यांना अडवलं नाही, मात्र मी टपरीवर जायचं बंद केलं. हे फार मोठं शौर्य नव्हे, मला माहीत आहे.

नूतनीकरणाला मावशीने मलाच बरोबर घेतलं. ऑफिसात अर्जावर आता जिल्ह्याचं नवं नाव छापलेलं होतं, अहिल्यानगर. बाबूही नवा होता. त्याने 'पूर्वीप्रमाणे' चालणार नाही म्हणून सांगितलं. आधीचे मालक मयत आहेत, तेव्हा नव्या मालकाचं नाव सांगा. मावशीने या वेळी पेन मागितलं नाही. खुर्चीत सरळ बसून, शेजारच्या टेबलावरच्यांनी वर बघावं इतक्या स्पष्ट आवाजात तिने सांगितलं, "भागिरथी भीमा त्रिभुवन." नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. संघाचं नाव विचारल्यावर प्रबुद्ध म्हणाली, गाव विचारल्यावर कोल्हार.

पोरं मात्र जमली. पंकज आला, त्याच्या पंपावरचा एक जण आला, वरच्या आळीतले चौघे आले, बाकीची वस्तीतली पोरं होतीच. निळे शर्ट दुकानात मिळाले तसे घेतले, म्हणजे अकरा जणांत निळ्याच्या पाच छटा होत्या. नवी जाळी मावशी महिनाभर विणत होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला. दसऱ्याला वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना झाली होती, त्याच्या निळ्या पताका अजून माळापर्यंत लावलेल्या होत्या. अख्खं टोळकं कडेला हजर होतं. शिव्या घालणारेही सामना चुकवत नाहीत, आमची तेवढी निष्ठा आहे. आम्ही चार गोल खाल्ले आणि एक मारला. पंकजने दोन असे अडवले की पलीकडच्या संघातल्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या, पण चार म्हणजे चार. मावशी जाळीमागून शेवटच्या शिट्टीपर्यंत ओरडत होती, डावीकडं सरक, डावीकडं.

सामना संपला. पोरं पाणी प्यायला बसली. रंभाजी आमच्या घोळक्यात उभा राहून मोठ्याने म्हणाला की शेठ असता तर ही वेळ आली नसती. दोघा-तिघांनी हूं केलं. छगनने काहीतरी पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं.

मावशीने पोतं झटकून काखेत घेतलं आणि जाळीमागून निघून मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे आली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती कधी कडेच्या बाजूला आली नव्हती. पुरुष आपोआप थोडे मागे सरकले. ती आमच्यासमोर उभी राहिली, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याही, आणि शांतपणे बोलली.

"दोन वर्सं मालकाला शिव्या देत हुता न्हवं, त्याच्या पाठीमागं? आता मालक मी हाय. द्या. तोंडावर द्या."

रंभाजीने खाली बघितलं. छगनचं तोंड उघडं होतं ते त्याने मिटलं. ती थांबली, खरंच थांबली, कोणीतरी बोलेल म्हणून पुरता वेळ दिला. मग पोरांकडे वळली आणि पंकजला म्हणाली की तिसऱ्या गोलात चूक तुझी न्हवं, बॅकची हुती, उद्या त्याला माझ्या गाडीपाशी घिऊन ये.